लांब शिट्टी आणि बाबांची खुर्ची

फटाके सुरक्षितपणे कसे उडवावेत, हे मला जितकं कळतं तितकं फार थोड्या माणसांना कळत असेल. ही बढाई नाही. मी रंगाच्या कारखान्यात सेफ्टी ऑफिसर आहे. जिथे एक ठिणगी पडली तर अख्खा कारखाना निरनिराळ्या रंगांत आकाशात जाईल, तिथे मी इतकी वर्षं काढली आणि आजवर कुणाच्या मिशीचा केससुद्धा जळलेला नाही. कामगार माझ्या पाठीमागे मला 'सावधान साहेब' म्हणतात. मला ते ठाऊक आहे, आणि खरं सांगायचं तर आवडतं.

तेव्हा बाबांच्या वाढदिवसाला मागच्या अंगणात फटाके उडवायचं ठरलं, तेव्हा सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. म्हणजे मी सगळ्यांसमोर जाऊन उभा राहिलो, त्यामुळे त्यांना पाहावंच लागलं.

हट्ट बाबांचाच होता. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून ते पलंगावर पडून होते. आयुष्यभर छापखान्यात उभं राहून काम केलेला माणूस, त्याला असं छताकडे बघत पडणं म्हणजे शिक्षाच. आता कुठे काठी घेऊन चार पावलं टाकायला लागले होते. आईनं विचारलं, "वाढदिवसाला काय हवं?" तर म्हणाले, "पोरं लहान असताना आपण मागे भुईनळे लावायचो, तसं एकदा बघायचंय." आता यावर कोण नाही म्हणणार?

पण नेमकं त्याच दिवशी घरात दुसरंही एक प्रकरण उपटलं. माझी धाकटी बहीण. ती एका लॅबमध्ये लोकांचं रक्त तपासते आणि घरी आली की आमचं पिते. लग्न या विषयावर तिनं बरीच वर्षं मौन पाळलं होतं. एकदा तिचा चष्मा मोडला म्हणून ती दुकानात गेली, मग तो वारंवार मोडायला लागला, आणि शेवटी आम्हाला कळलं की चष्मेवाला आवडला आहे. माणूस भला. बोलतो कमी, ऐकतो जास्त, आणि बोलता बोलता समोरच्याचा चष्मा काढून पुसून देतो. अडचण एकच. त्याची आई.

त्याची आई शाळेची मुख्याध्यापिका होती. आता निवृत्त झाली आहे, पण हे तिला अजून कुणी सांगितलेलं नाही. सगळं गाव तिला मोठ्या बाई म्हणतं. या मोठ्या बाईंनी लग्नाला अजून 'हो' म्हटलं नव्हतं. 'नाही'ही म्हटलं नव्हतं. "आधी घर बघू दे," एवढंच म्हणाल्या होत्या.

"दादा," धाकटी मला स्वयंपाकघरात गाठून म्हणाली, "बाबांच्या वाढदिवसाला त्या दोघांना बोलावलंय. एक सांगून ठेवते. त्यांनी मनापासून हो म्हटलं नाही तर मी त्या घरात पाऊल टाकणार नाही. नाराज सासूच्या घरात रोज सकाळी उठायचं माझ्यानं नाही होणार. आणि तो आईला सोडून येणार नाही, यावंही असं मला वाटत नाही. म्हणजे त्या दिवशी काय ते ठरणार."

"मग अगदी बिनघोर राहा," मी म्हणालो.

"तेच तर नको आहे मला," ती म्हणाली. "तू बिनघोर म्हणालास की मला घाम फुटतो. त्या दिवशी काही करू नकोस. नुसता बस. केक खा."

आता ही पोर. तिला काय कळणार? मोठ्या बाई म्हणजे शिस्तीचा पुतळा. अशा बाईला कशानं जिंकायचं? गोड बोलून? छे. शिस्तीनं. एकदा का तिनं पाहिलं की या घरात साधा भुईनळासुद्धा नियमानं पेटतो, की बाई आपण होऊन विचारेल, लग्न उद्या करायचं की परवा. हे मी धाकटीला बोललो नाही. चांगली गोष्ट आधी बोलून दाखवू नये.

मी तयारीला लागलो.

सगळ्यांत आधी शेजाऱ्यांना कळवलं. नियमच आहे तो. डाव्या बाजूला दाताचे डॉक्टर राहतात. त्यांना मी कुत्रा घरात ठेवायला, खिडक्या लावून घ्यायला आणि दोरीवरचे कपडे काढायला सांगितलं. माझा एकूण आवेश पाहून त्यांनी गाडी दोन गल्ल्या सोडून लावली आणि कुत्र्याला घेऊन ते बहिणीकडे राहायला गेले.

मग अंगण. मध्यभागी वाळूचा चौकोन आखला. त्यापासून लांब भिंतीच्या कडेला खुर्च्या, खुर्च्यांपुढे दोरी. वाळूची बादली, पाण्याची बादली, नळाला जोडलेला पाइप. पेटवण्यासाठी लांब काठीच्या टोकाला फुलबाजी. पेटवणारा माणूस एकच, म्हणजे मी. न फुटलेल्या फटाक्याला हात लावायचा नाही, लांबूनच पाणी ओतायचं. एवढं तर कुणीही शहाणा माणूस करतो.

मी त्यापुढे गेलो. मी घरच्यांना मॉक ड्रिल शिकवलं.

कारखान्यात आमची पद्धत अशी की, एक लांब शिट्टी झाली की हातातलं काम टाकायचं, ठरलेलं कर्तव्य करायचं आणि फाटकाबाहेर ठरलेल्या जागी जमायचं. तिथे मोजणी. शिट्टी का वाजली हे विचारायचं नाही. मागे वळून बघायचं नाही. आणि काही झालं तरी परत आत जायचं नाही. घरीही तेच. जमायची जागा म्हणजे रस्त्यावरचा विजेचा खांब. धाकटीचं काम मेन स्विच बंद करून पुढच्या दारानं बाहेर पडायचं. बाबांना पळता येत नाही, म्हणून त्यांना खुर्चीसकट उचलायचं. खुर्ची उंच पाठीची, वेताची, हातांना धरायला चांगली. उचलायचं काम माझी बायको आणि तिचा भाऊ, म्हणजे माझा मेहुणा, या दोघांचं. आणि बाबांच्या अंगावर ठिणगी पडू नये म्हणून आईनं मागून त्यांच्यावर ओली चादर टाकायची.

"अंगणात दोन भुईनळे लावायचेत," बायको म्हणाली, "लंका जाळायची नाहीये."

"अपघात सांगून येत नाही," मी म्हणालो.

"तुम्ही मात्र सांगून येता," ती म्हणाली.

आठवडाभर रोज संध्याकाळी तालीम झाली. पहिल्या दिवशी आईनं चादर घडी घालून नीट बाबांच्या मांडीवर ठेवली. "थंडी वाजेल ना त्यांना," म्हणाली. दुसऱ्या दिवशी मेहुण्यानं विचारलं, "शिट्टी कशाला वाजली?" मी त्याला सगळ्यांसमोर झापलं. मेहुणा गाद्या विकतो. दिवसभर गिऱ्हाइकांना गादीवर झोपवून दाखवायचं, हे त्याचं काम, त्यामुळे घाई कशाशी खातात हे त्याला ठाऊक नाही. पण मी सोडलं नाही. शेवटी शेवटी अशी तयारी झाली की, मी नुसती शिट्टी ओठाशी नेली तरी आई चादर पिळायला लागायची. बाबा तर खूश होते. "एरवी मला कोण उचलतंय?" म्हणायचे. "आज एकदाच का? अजून एकदा होऊ दे."

फटाक्यांची खरेदी मेहुण्याकडे होती, पण एकेक नग मी डोळ्याखालून घातला. मोठा आवाज करणारं काही नको, हे आधीच बजावलं होतं. फुलबाज्या, भुईचक्रं, भुईनळे. सगळ्यांत खाली एक जाडजूड भुईनळा होता, चमकत्या कागदातला.

"हा कसला?"

"शेवटचा. खास आहे. बाबांसाठी," मेहुणा म्हणाला.

"फुटतो?"

"नाही फुटत."

"उडतो?"

"जागेवरनं हलत नाही."

"मग हरकत नाही," मी म्हणालो. बघा, जे विचारायचं ते मी सगळं विचारलं. म्हणजे एक सोडून सगळं.

वाढदिवस उजाडला. संध्याकाळी, अजून उजेड होता तेव्हा, चष्मेवाला आईला घेऊन आला. मोठ्या बाई ताठ, बारीक, केस चापूनचोपून बांधलेले. दारात आल्या आल्या त्यांनी पायपुसणं सरळ केलं. ते पाहून माझ्या मनात त्यांच्याबद्दल फार आदर उत्पन्न झाला.

चहा झाला. बाईंनी धाकटीला बरेच प्रश्न विचारले. काम किती वाजेपर्यंत असतं, झोप किती लागते, राग आला की काय करतेस. प्रत्येक उत्तराला त्या "हं" म्हणायच्या. पण तो "हं" असा की, त्यात काहीच सापडू नये. चष्मेवाला शेजारी बसून चमच्याशी खेळत होता. बाईंनी नुसतं त्याच्या हाताकडे पाहिलं, चमचा बशीत गेला.

धाकटी कप घेऊन स्वयंपाकघरात आली, तेव्हा तिचा चेहरा पांढरा पडला होता.

"दादा, त्या हसतच नाहीत."

"अंगणात चल तर खरी," मी म्हणालो. मला तिची दया येत होती, आणि तितकाच माझा अभिमानही वाटत होता.

अंगणात आल्यावर बाईंनी दोरी पाहिली. वाळूचा चौकोन पाहिला. दोन्ही बादल्यांत डोकावून पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मी कारखान्यातलं हेल्मेट, गॉगल, हातमोजे अशा संपूर्ण वेषात उभा होतो, गळ्यात शिट्टी.

"व्यवस्था चांगली आहे," बाई म्हणाल्या.

मी धाकटीकडे बघून भुवया उडवल्या. गॉगलमुळे तिला त्या दिसल्या नसाव्यात.

सगळे बसले. बाईंच्या वाट्याला आलेली प्लॅस्टिकची खुर्ची एका पायानं डुगडुगत होती. बाबांच्या ते लक्षात आलं. ते काठीवर जोर देऊन उठले आणि म्हणाले, "तुम्ही इकडे या. ही वेताची खुर्ची आरामाची आहे. मी पायरीवर बसतो, मला पाय लांब सोडायला बरं पडतं." बाई नको नको म्हणाल्या, बाबांनी ऐकलं नाही. शेवटी बाई वेताच्या खुर्चीत बसल्या आणि बाबा मागच्या दाराच्या पायरीवर.

हे मी पाहिलं. माझ्या या दोन डोळ्यांनी पाहिलं. आणि माझ्या मनात काय आलं? आलं ते इतकंच की, बाबांना किती रीतभात आहे.

अंधार पडायला लागला आणि कार्यक्रम सुरू झाला. काय सांगू तुम्हाला, असा देखणा कार्यक्रम कुणी केला नसेल. एक फटाका पेटवायचा, पूर्ण विझू द्यायचा, पाणी ओतायचं, मगच दुसरा. मध्ये मी थोडी माहितीही देत होतो. भुईचक्रं मुकाट्यानं चौकोनात फिरली. भुईनळे दाखवायला काढलेल्या गुणी पोरांसारखे वागले. बाबा पायरीवर बसून हसत होते, आणि त्यांना असं हसताना पाहून मला मनापासून बरं वाटलं. कितीतरी महिन्यांनी हसत होते ते.

आणि बाई? आईनं पुन्हा दिलेल्या चहाचा कप हातात धरून बाईंनी एकदा मान डोलावली. दुसऱ्यांदा चष्मेवाल्याला हळूच काहीतरी म्हणाल्या आणि तो धाकटीकडे बघून लाजला. धाकटी माझ्याजवळ पाइप घेऊन उभी होती. ती पुटपुटली, "दादा, जमतंय वाटतं." मी हेल्मेट सरळ केलं.

"आता शेवटचा," मी जाहीर केलं. "बाबांसाठी खास."

जाडजूड भुईनळा चौकोनात ठेवला. काठी पुढे केली. वात सुरसुरली. मी नियमाप्रमाणे मागे आलो. आधी थोड्या सोनेरी ठिणग्या, मग उंच झाड, मग निळा रंग. सगळ्यांच्या तोंडून "वा" निघालं.

आणि मग तो भुईनळा शिट्टी वाजवायला लागला.

साधीसुधी नव्हे. एक लांब, कर्कश, न थांबणारी शिट्टी. अगदी माझ्या शिट्टीच्या सुरात.

आठवडाभराची मेहनत कधी फुकट जात नाही. धाकटी पाइप टाकून बाजूच्या दारानं घरात पळाली आणि क्षणात सगळे दिवे गेले. आईनं मागे भरून ठेवलेल्या टबातून ओली चादर उचलली आणि वेताच्या खुर्चीमागून अशी फेकली की, कोळ्यानं जाळं फेकावं. पाठ इतकी उंच की, आईला पुढे कोण बसलंय ते दिसायचं कारणच नव्हतं. चादर पडली न पडली तोच बायकोनं एक हात धरला, मेहुण्यानं दुसरा, आणि खुर्ची उचलून दोघं बोळातून फाटकाकडे धावत सुटले. तालमीत ते कधी इतके धावले नव्हते. बाबांपेक्षा बाई हलक्या होत्या ना. त्यामागे आई. आईमागे चष्मेवाला, एक बूट पायात आणि एक अंगणात.

फाटकाबाहेर खांबाच्या उजेडात सगळे जमले. मी बोटानं मोजणी सुरू केली.

"अहो, ऐका ना, ती खुर्ची—" चष्मेवाला धापा टाकत म्हणाला.

"आधी मोजणी," मी म्हणालो. "बोलायचं नंतर. आई?"

"हजर."

बायको, मेहुणा, दोघेही हजर. मी ओल्या चादरीकडे वळलो.

"बाबा?"

चादर गप्प.

"बाबा, हजर म्हणा."

चादरीच्या आतून एक शांत, कोरडा आवाज आला. "हजेरी घेण्याआधी पटावर कोण आहे, ते तरी बघावं."

माझ्या तोंडचं पाणी पळालं. बायकोनं चादर उचलली. आत मोठ्या बाई. चापून बांधलेले केस सुटून गालाला चिकटलेले, चष्मा एका कानावर, आणि हातात चहाचा कप. त्यात आता चहापेक्षा चादरीचं पाणी जास्त होतं. बाईंनी कपात पाहिलं आणि तो आईच्या हातात दिला. आईनं तो घेतला आणि चाचरत विचारलं, "अजून थोडा देऊ?"

माणसाला अशा वेळी काय काय सुचतं बघा. मला सुचलं की, शिट्टी वाजवली कुणी? घरात शिट्टी एकच, आणि ती तर माझ्या गळ्यात. मी हात लावून पाहिलं. होती. आतून, घरामागून, दुसरी शिट्टी अजून चालूच होती.

मी मेहुण्याकडे पाहिलं.

"फुटत नाही म्हणालो होतो," तो म्हणाला. "शिट्टीचं तुम्ही विचारलंच नाही. आणि वाजली तर का वाजली हे विचारायचं नाही, असं तुम्हीच सांगितलं होतं."

तेवढ्यात पुढच्या दारानं धाकटी बाहेर आली. मेन स्विच नीट बंद करून, दार लोटून, अगदी शिकवल्याप्रमाणे. तिनं आम्हाला पाहिलं. खुर्चीत भिजलेल्या बाईंना पाहिलं. मला वाटलं, आता ही रडणार. लग्न मोडलं, सगळं संपलं, आणि संपवलं ते तिच्या सख्ख्या भावानं. मला पृथ्वी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

पण तिनं एकच विचारलं.

"बाबा कुठेत?"

आई चिरकली, "अगं बाई, आतच राहिले की!"

धाकटी वळली. आणि मी, वाचकहो, मी काय केलं? मी दोन्ही हात पसरून फाटकात उभा राहिलो. वर्षानुवर्षांची सवय. "परत आत जायचं नाही," मी ओरडलो, "नियम आहे."

"दादा, बाजूला हो," ती म्हणाली. मी होईपर्यंत थांबली मात्र नाही. माझ्या हाताखालून वाकून गेली. तिच्यामागे चष्मेवाला. मग आई. मग बायको, जाता जाता मला कोपर मारून.

मेहुणाही निघाला, तेव्हा खुर्चीतून आवाज आला. "थांबा. मला परत न्या."

"बाई, तुम्ही चाललात तर—" मेहुणा म्हणाला.

"मी इथवर चालत आले नाही," बाई म्हणाल्या. "जाणारही नाही."

मग एका बाजूला मेहुणा आणि दुसऱ्या बाजूला मी, अशी आम्ही ती खुर्ची बोळातून परत नेली. हेल्मेट सारखं डोळ्यांवर येत होतं. वाटेत बाई फक्त एकदा बोलल्या. "डावी बाजू खाली जातेय." डावी बाजू माझी होती.

अंगणात पोचलो तर भुईनळा नुकताच विझत आला होता. बाबा पायरीवर जिथल्या तिथे, पाय लांब करून, गालातल्या गालात हसत बसलेले. छापखान्यातल्या यंत्रांनी त्यांच्या कानांचं जे करायचं ते केव्हाच केलं आहे, त्यामुळे शिट्टी त्यांना अशीतशीच ऐकू आली असावी. धाकटी त्यांच्यापाशी गुडघे टेकून बसली होती. त्यांचे हात, पाय, बाह्या सगळं चाचपून बघत होती. चष्मेवाल्यानं मोबाइलचा दिवा धरला होता.

"अरे, गेलात कुठे सगळे?" बाबा म्हणाले. "इतका सुंदर होता. सबंध मी एकट्यानंच पाहिला. मला वाटलं केक आणायला गेलात."

धाकटी हसायला लागली, आणि हसता हसता तिच्या डोळ्यांतून घळघळा पाणी आलं. बाबांच्या खांद्यावर डोकं टेकून ती तशीच बसून राहिली. मी वाळूवर पाण्याची बादली ओतली. दुसरं काय करणार? निदान तेवढं तरी नियमानं व्हावं.

आईनं मेन स्विच लावला. उजेडात सगळा पसारा आणखीनच वाईट दिसला. बाईंच्या कपड्यांतून पाणी ठिबकत होतं. बायकोनं टॉवेल आणला, आईनं कोरडी शाल आणली, मेहुण्यानं, का कोण जाणे, उशी आणली.

मी पुढे झालो. हेल्मेट काढलं. "बाई, सगळी चूक माझी आहे," मी म्हणालो. "माझ्या बहिणीचा यात काही दोष नाही. ती मला म्हणाली होती, नुसता बसून केक खा म्हणून."

"तुमच्याशी नंतर बोलते," बाई म्हणाल्या. या वाक्यानं शाळेत किती पोरांची झोप उडवली असेल कुणास ठाऊक. त्यांनी चष्मा काढून मुलाकडे दिला, त्यानं पुसून परत दिला. तो नाकावर ठेवून त्या धाकटीकडे वळल्या.

"तू का परत गेलीस?"

धाकटीनं डोळे पुसले. "बाबा आत होते."

"परत जायचं नाही असा नियम होता ना?"

"होता."

"तुझा भाऊ आडवा उभा होता."

"हो."

"मग?"

"मग काय?" धाकटी म्हणाली. तिनं एकदा चष्मेवाल्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. तिला वाटत असावं, आता जायचं ते गेलंच आहे, तर खरं तरी बोलावं. "बाबा आत होते. नियम गेला खड्ड्यात. तुम्हाला बेशिस्त वाटलं असेल तर वाटू दे. उद्या तुम्ही आत असलात तरी मी अशीच जाईन."

मी डोळे मिटून घेतले. आत्ता बाई उठतील, आत्ता मुलाला घेऊन निघतील.

बाई उठल्या नाहीत. त्यांनी शाल खांद्यावर नीट ओढून घेतली.

"नियमानं वागणारी पोरं मी ढीगभर घडवली," त्या म्हणाल्या. "हा त्यातलाच एक. घर कसं, अगदी सरळ चालतं आमचं. पण मी कधी पडले-झडले, तर हा आधी विचारणार की आत येऊ का. घरात एक तरी माणूस न विचारता धावणारं हवं." मग चष्मेवाल्याकडे वळून म्हणाल्या, "तोंड काय बघतोस? विचार तिला, कधी येतेस म्हणून."

त्यानं विचारायला तोंड उघडलं, पण शब्द फुटेना, म्हणून त्यानं धाकटीचा चष्मा काढला आणि पुसायला घेतला. आई रडायला लागली. बायको हसायला लागली. बाबांना नीट ऐकू आलं नव्हतं, पण सगळ्यांचे चेहरे बघून त्यांनी टाळ्या वाजवल्या. आणि माझ्याही डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला सांगू. मी ते धुरावर ढकललं.

केक कापला. बाईंनी शाल पांघरून दोन तुकडे खाल्ले. गोड आवडतं त्यांना, हे त्या रात्री चष्मेवाल्यालाही पहिल्यांदाच कळलं. आता मला धीर आला. म्हटलं, वातावरण निवळलंय, दोन शब्द बोलून आपली बाजू सावरावी. मी त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिलो.

"बाई, गोंधळ झाला हे खरं," मी म्हणालो, "पण एक मानावं लागेल. शिट्टी झाली आणि सगळं कुटुंब हूं की चूं न करता बाहेर पडलं. कुणी ढकलाढकली केली नाही. शिस्तीच्या दृष्टीनं पाहिलं तर—"

"हो, शिस्त होती," बाई म्हणाल्या. "मला एक सांगा. तुमच्या कारखान्यात आग लागली, तर सेफ्टी ऑफिसरनं बाहेर कधी पडायचं असतं?"

"सगळ्यांत शेवटी," मी छाती काढून म्हणालो. "एकूण एक माणूस बाहेर पडल्याची खात्री झाल्यावर."

"बरोबर," बाई म्हणाल्या. "चादर ओली होती, पण विरळ होती. थोडंफार दिसत होतं मला. माझी खुर्ची धावत फाटकापाशी आली, तेव्हा खांबाला धरून आधीपासून उभं कोण होतं?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मेहुण्याचा घास तोंडातच राहिला.

"मोजणीसाठी कुणीतरी आधी पोचावंच लागतं ना," मी म्हणालो.

आणि ते खरंच आहे. तुम्हीच विचार करा, आधी कुणी पोचलंच नाही तर मोजणार कोण? हे मी नंतर बायकोला समजावलं, आईला समजावलं, कारखान्यातही दोघा-चौघांना समजावून पाहिलं. सगळे अगदी शांतपणे ऐकून घेतात, मान हलवतात, आणि मग विचारतात, बाकी लग्नाची तयारी कुठवर आली.